सनद मिळाली, पुढं?

(सकाळ. कोल्हापूर, कसबा बावडा. जिल्हा न्यायालयाचं आवार. पाऊस नुकताच थांबलाय.)

साडेदहा वाजलेत. मे महिन्याची सुट्टी संपून कोर्टं नुकतीच उघडलीत, त्यामुळं दुचाकी लावायलाही जागा नाही. फाटकातून एक मुलगी आत येते. पाठीवर सॅक, एका हातात दोरीनं बांधलेल्या सात-आठ फायली, दुसऱ्या हातावर घडी घातलेला काळा कोट. राधानगरीच्या बाजूनं एसटीनं आलीय. कोट ती आवारात शिरल्यावरच अंगात चढवते. एसटीत कोट दिसला की शेजारचा माणूस पिशवीतून सात-बारा काढतो, आणि गाडीत दिलेल्या सल्ल्याला फी कोण देणार?

नाव सांगू नका, म्हणाली. का, ते पुढं कळेल.

तिच्या सनदेला, म्हणजे वकिलीच्या परवान्याला, दोन वर्षं झाली. आम्ही एकच प्रश्न घेऊन आलो होतो. आज कुणी बारावीनंतर किंवा पदवीनंतर लॉ धरायचं म्हटलं, तर धरावं का? तिनं घड्याळ बघितलं. "आधी बोर्ड बघून येते."

(दालनाबाहेर लावलेली यादी. यादीवरून फिरणारं बोट.)

बोर्ड म्हणजे आजच्या कामांची यादी. मोबाइलवर दिसते, तरी दारावरचा कागद बघितल्याशिवाय वकिलाला चैन पडत नाही. आज हिच्या सिनियरांची तीन कोर्टांत सहा कामं. त्यांतली दोन 'एकशे अडतीस'ची, म्हणजे न वटलेल्या चेकची. एक अपघाताच्या भरपाईचं. आणि एक वाटपाचा दावा, त्यात निशाणी पाचवर युक्तिवाद.

निशाणी पाच म्हणजे दाव्यासोबत दिलेला तात्पुरत्या मनाईचा अर्ज. दावा पुढं पंधरा वर्षं चालो की वीस, तोवर जमीन कुणी कसायची आणि विकता येईल की नाही, हे बहुतेक वेळा या एका अर्जावर ठरतं. अनेक घरांची भांडणं खरी इथंच मिटतात किंवा पेटतात.

पुकारा तिन्हीकडं एकाच वेळी होऊ शकतो. सिनियर एकच. उरलेल्या दोन ठिकाणी ही धावत जाऊन उभी राहणार. "सर शेजारच्या कोर्टात आहेत, थोडा वेळ द्यावा." एका कामात मुदतीचा अर्ज लागणार हे माहीत असल्यानं तो तिनं काल रात्रीच लिहून ठेवलाय. दोन वर्षांत ती युक्तिवादाला किती वेळा उभी राहिली? बोटांवर मोजून सांगते : चार.

(बाररूम. चहाचे ग्लास. पंख्याखाली वाळत घातलेले कोट.)

पैशांचं विचारलं, तेव्हा तिनं कॅमेरा बंद करायला लावला. नंतर म्हणाली, "एसटीचा पास निघतो." रक्कम सांगितली नाही. बाररूममधल्या बाकीच्यांनीही सांगितली नाही, नुसते हसले.

भारतीय वकील परिषदेनं ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलं : ज्युनियरांना शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं. ही शिफारस आहे, सक्ती नाही. इकडं नियम असा, की वकिली करताना दुसरीकडं पूर्णवेळ पगाराची नोकरी धरता येत नाही. जाहिरातही करता येत नाही, आणि दारावरची पाटी बेताचीच हवी. हे नियम ज्या काळात झाले, तेव्हा वकील बहुधा खात्यापित्या घरातले असत, असं मला फार वाटतं.

एक गोष्ट मात्र सोपी झाली. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सनदेसाठी कायद्यात लिहिलेल्या ७५० रुपयांच्या वर घेता येणार नाहीत; अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. त्याआधी अनेक राज्यांत पंधरा हजारांच्या वर जात. हिची सनद त्या निकालाच्या जेमतेम आधीची. "आमचं नशीब," एवढंच म्हणाली.

आता मूळ प्रश्न. कायद्याला भवितव्य आहे का, असं लोक विचारतात. देशातल्या न्यायालयांत पाच कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. काम संपायची भीती निदान या धंद्याला नको. नोटिशीचा मसुदा आता यंत्रही करून देतं, आणि ज्युनियरचं टायपिंगचं काम त्यात जाईल. पण साक्षीदाराचा मराठीतला उलटतपास माणसालाच घ्यावा लागतो. खरी अडचण दुसरीच आहे. पैसा येतो, पण उशिरा येतो. तोवर कोण पोसणार?

वकिलाच्या मुलाला ऑफिस आयतं मिळतं. कारकून, कपाटभर फायली आणि वडिलांच्या ओळखीचे पक्षकारही. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या विधी विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या काहींना मोठ्या लॉ फर्म घेतात, त्यांचं गणितच वेगळं. वर्षाची लाखांतली फी आधी भरलेली असते.

हिच्या घरी दीड एकर ऊस आहे आणि दोन म्हशी.

(सीपीआर रुग्णालयासमोरची जुनी कोर्ट इमारत.)

दुपारी ती आम्हाला इथं घेऊन आली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबईबाहेर बसणारं न्यायपीठ, इथं बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांसाठी. मागणी चाळीस वर्षांहून जुनी. तोवर अपील म्हटलं की रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी मुंबई, तारीख घेऊन परत. आता ते काम गावात आलं. पण खालच्या कोर्टात मराठी आणि इथं इंग्रजी. तिचं सगळं शिक्षण मराठीत झालंय. रोज रात्री एक निकालपत्र वाचते, वहीत शब्द लिहून घेते.

दुसरी वाट न्यायाधीश होण्याची. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ७७,८४० रुपये. पूर्वी पदवी घेऊन थेट परीक्षेला बसता येई. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. निकाल मला पटतो. कधी कोर्टात उभं न राहिलेल्यानं वर बसून न्याय करू नये. पण त्या तीन वर्षांचा दाखला तिथल्या प्रमुख न्यायाधीशांकडून, नाहीतर दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाकडून घ्यावा लागतो. म्हणजे बहुधा सिनियरांकडूनच. नाव सांगू नका, ते यासाठी. एक वर्ष राहिलंय.

(संध्याकाळ. एसटी स्टँड. पुन्हा पाऊस.)

गाडीची वाट बघताना तिनं सॅकमधून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला. वकीलपत्र. खाली एकटीचं नाव, पहिल्यांदाच. गावातल्या एका शेतकऱ्याची शेतात जायची वाट भाऊबंदांनी काटे टाकून अडवलीय. तहसीलदारांपुढं मामलेदार न्यायालय कायद्याखाली दावा टाकायचाय. तो कायदा १९०६ चा. तिनं तो दोनदा वाचून काढलाय आणि पंचनाम्यासाठी वाटेचे फोटोही स्वतःच घेतलेत.

फी किती ठरली?

"उसाचं बिल आल्यावर देतो म्हणालेत." मग ती हसायला लागली. "आणि वाट मोकळी झाल्याशिवाय ऊस बाहेर निघत नाही."

गाडी लागली. तिनं कोट काढला, घडी घातली आणि आत चढली.