रिकामा खण बघून लॅपटॉप घ्या

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचा निकाल लागला की घराघरात एकच विषय. पोराला कॉम्प्युटरला टाकायचंय, लॅपटॉप कोणता घ्यावा? त्याला प्रोग्रामिंग शिकायचं असतं आणि वडिलांपुढं बोलत नसला तरी थोडं गेमही खेळायचं असतं. खेळू द्या. त्यासाठी लाखाचा गेमिंग लॅपटॉप लागत नाही.

लिहून घ्या : 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एसएसडी. परत सांगतो, 16 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी. रॅम म्हणजे चालू कामाची मेमरी, एसएसडी म्हणजे कायमची साठवण. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू, अलीकडचा आय-फाइव्ह किंवा रायझन-फाइव्ह असला की पायथन, सी, जावा या प्रोग्रामिंगच्या भाषांचं सगळं निभतं.

आता सेलूकडच्या एका मुलीची गोष्ट सांगतो. कापसाचे पैसे हातात आले तसे वडील तिला घेऊन संभाजीनगरच्या एका दुकानात गेले. दुकानदारानं रंगीत दिव्यांच्या कीबोर्डचा, वेगळ्या ग्राफिक्स कार्डचा लॅपटॉप पुढं ठेवला. वडील म्हणाले, "हाच घेऊ गं." पोरगी काही बोलली नाही. तिनं कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. यंत्राची हालहवाल दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. त्यात परफॉर्मन्स, त्यात मेमरी. रॅम 8 जीबीच.

"काय बघायलीस बाई?" दुकानदारानं विचारलं.

"रॅम बघायलेय काका. तो करड्या रंगाचा चालू करा बरं."

तो साधा होता, किमतीत बराच खाली. रॅम त्यातही 8 जीबीच, पण मेमरीच्या पानावर खाली लिहिलेलं होतं, 'स्लॉट्स यूज्ड : 1 ऑफ 2'. म्हणजे रॅमचे खण दोन, भरलेला एक. पोरगी म्हणाली, "एक खण रिकामा हाय. ह्यात अजून 8 जीबी आमच्यासमोर बसवून द्या." दुकानदारानं पेचकस घेऊन मागचं झाकण उघडलं आणि पट्टी बसवली.

वडिलांनी विचारलं, "ह्यानं काय व्हतं?" ती म्हणाली, "बाबा, साध्या लॅपटॉपात ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. आता रॅमच्या पट्ट्या दोन झाल्या. एका पाइपाऐवजी दोन पाइपानं पाणी सोडलं तर रान लवकर भिजतं का नाही?" शेतकरी माणूस, पुढं एक शब्द विचारला नाही त्यांनी. त्या लॅपटॉपवर ती दिवसा कोडिंग करते आणि रात्री धाकटा भाऊ माइनक्राफ्ट खेळतो. सेटिंग खाली ठेवलं की व्हॅलोरंटही चालतं. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगतो, कारण त्या पोरीनं जाहिरातीवर न जाता यंत्रालाच विचारलं.

तर टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी. दुकानातच बघा. पातळ लॅपटॉपात रॅम बऱ्याचदा डाग देऊन पक्की केलेली असते, ती नंतर वाढत नाही. तसला घ्यायचा तर 16 जीबीचाच घ्या.

आणि लॅपटॉप घरी आला की पहिल्याच दिवशी मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे देवनागरी अक्षरांची मांडणी, चालू करा. विंडोजमध्ये तो फुकट आहे. शिकली-सवरलेली मुलं आईला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, मला ते बघवत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्या बोटांना आपली बाराखडी आलीच पाहिजे.

असो. जुना घेणाऱ्यांसाठी : विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टची नेहमीची मदत, म्हणजे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला थांबली, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे जवळपास सगळेच प्रोसेसर विंडोज 11 चालणाऱ्यांच्या यादीत नाहीत. पिढी विचारूनच पैसे काढा.

राहिला आपला उन्हाळा. बहुतेक लॅपटॉप 35 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि परभणी, नांदेडात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. तापला की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, गेम अडखळतो. गादीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा, खालची जाळी मोकळी राहू द्या. लाइट गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचा असेल तर चार्जरवरचे वॅट वाचा. साध्या लॅपटॉपचा साधारण 65 वॅटचा असतो, गेमिंगचा 180 च्याही वर जातो. पंखा, दिवा आणि 65 वॅटचा चार्जर यांचा भार इन्व्हर्टर आरामात पेलतो.

नमस्कार.