ज्या डोळ्याचा त्यालाच बुश

(लेथ चालू. चकमध्ये पिवळसर रॉड फिरतोय.)

हा रॉड गनमेटलचा, म्हणजे एका प्रकारच्या काशाचा आहे आणि हे भोसरी एमआयडीसीतलं एक छोटं वर्कशॉप. दोन लेथ, एक ड्रिल, एक हातप्रेस, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर, बास. इथे आज माझ्या जुन्या महिंद्रा एमएम ५४० जीपच्या पुढच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) सहा पिना आणि सहा बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते त्या नळ्या, बनतायत. मला वाटलेलं अर्ध्या दिवसाचं काम असेल.

नवीन थारवाल्यांना हे टेन्शन नाही, २०१० च्या थारला निदान मागे तरी पाटे होते, २०२० च्या थारला चारही बाजूंना कॉइल आले. आमच्या जीपला मात्र चारही चाकांवर पाटे, आणि पाटा नुसतं वजन पेलत नाही तर अॅक्सल पण तोच जागेवर धरून ठेवतो, त्यामुळे त्याच्या टोकाची पिन ढिली झाली की खडखडाट तर होतोच पण ब्रेक मारला की अॅक्सल सरकतो आणि स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागतं.

गेल्या पावसाळ्याआधी मी बाजारातून रेडी बुश आणून बसवून घेतले होते. बुश ठोकून बसवले आणि मग पिन काही आत जाईना, फिटर म्हणाला घणानं जाईल, गेली पण. आणि शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी, जाम. आता पाटा दबला की सपाट होतो, सपाट झाला की लांब होतो, ती लांबी कुठेतरी जायला पाहिजे म्हणूनच तर एका टोकाला झुलणारं शॅकल असतं, तेच जाम म्हटल्यावर मावळातल्या दगडांवर गाडी बैलगाडीसारखी आपटत होती.

लेथवर काम करणाऱ्या टर्नर काकांना हे सांगितलं तर ते हसले. मी मोबाईलवर ड्रॉइंग दाखवत होतो.

"ड्रॉइंग राहू दे रे, पाटा काढून आण."

(पाट्याचा डोळा जवळून. फ्लॅप व्हीलनं गंज निघतोय.)

ह्याला म्हणतात पाट्याचा डोळा. नीट बघा, हा बोअर केलेला नाही, पट्टी तापवून वळवलेली आहे, त्यामुळे तो कधीच पूर्ण गोल नसतो. काकांनी चार ठिकाणी माप घेतलं तर एकीकडे २४.०५ आणि दुसरीकडे २४.२० मिलिमीटर. दुसऱ्या पाट्याचं माप वेगळंच. म्हणून प्रत्येक डोळ्याला त्याचाच बुश, वर खडूनं लिहिलेलं, डावा पुढचा, उजवा मागचा असं.

आणि माझ्या आधीच्या बुशांचं काय चुकलं तेही इथेच कळलं. बुश डोळ्यात दाबून बसवला की तो आवळला जातो आणि आतलं भोक बारीक होतं. म्हणून काका भोक १५.९ ला ठेवतात, प्रेसनं बुश बसवतात, मग परत मोजतात, आता ते १५.८ च्या आसपास आलेलं असतं, आणि शेवटी १६ चा रीमर, म्हणजे भोक अचूक मापाला आणणारं हत्यार, हातानं फिरवतात. रीमर बाहेर काढताना पण त्याच दिशेला फिरवायचा, उलटा फिरवला की धार गेलीच म्हणून समजा.

पिन ईएन ८ नावाच्या स्टीलची. पृष्ठभाग इंडक्शननं, म्हणजे विजेनं फक्त वरचा थर तापवून, कडक करून आणलाय, आतला गाभा चिवट ठेवलाय, कारण पूर्ण कडक पिन दगडावर आपटली की खडूसारखी तुटते. फिट ठेवलाय एच ७, एफ ७ (भोक आणि पिनेच्या मापात किती फरक चालेल त्याचे ठरलेले दर्जे), म्हणजे पिन आणि बुशमधली फट १६ ते ५२ मायक्रॉन, माणसाचा केस साधारण ७० चा असतो. एवढ्यातच ग्रीस मावलं पाहिजे. पिनेच्या मध्यातून लांब भोक, त्याला आडवं भोक, तेही ज्या बाजूला वजन येत नाही तिकडे उघडणारं, आणि त्याची कड मोडलेली, नाहीतर तडा तिथूनच सुरू होतो.

खरं सांगायचं तर धातूचा बुश सगळ्यात भारी वगैरे काही नाही. चिखल ग्रीसमध्ये शिरला की ती धातू घासणारी लॅपिंग पेस्टच होते, आणि एक चाक वर गेलं की पाट्याला जो पीळ पडतो तो रबर जास्त सहन करतं. मी धातू घेतला कारण ग्रीस गन मारायचा मला कंटाळा नाही. तुम्हाला असेल तर रबर लावा.

शॅकल दोन इंच लांब करायची पण माझी इच्छा होती. त्यानं गाडी साधारण एकच इंच उचलली जाते, शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) कमी होऊन हायवेला गाडी भटकते ते वेगळंच, वर २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, गाडीत कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल चालत नाहीत. त्यामुळे लांबी आहे तीच. फक्त शॅकलच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्या नवीन, दोन्ही एकत्र टॅक करून (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी चिकटवून) एकदमच ड्रिल केलेल्या, नाहीतर दोन भोकांमधलं अंतर केसभर जरी चुकलं तरी पिना तिरक्या बसतात. आणि कोणाकडे जुनी विलीज असेल तर पाना लावायच्या आधी थांबा, तिच्या काही शॅकलना डावे, म्हणजे उलट्या दिशेनं सुटणारे आटे आहेत, ताकद लावून उपयोग नाही.

(संध्याकाळ. जीपखाली टॉर्च.)

ग्रीस गन मारली, पाच पिनांच्या कडेनं ग्रीस गोल वळ्यासारखं बाहेर आलं. सहावीतून काहीच नाही. काकांनी परत मारायला लावलं, गनचं हँडल हलेना.

"आडव्या भोकात बर राहिली बहुतेक. काढ."

बर म्हणजे ड्रिल करताना भोकाच्या कडेला राहिलेला धातूचा कीस. तर ती पिन परत व्हाइसमध्ये आहे, काका त्यात बारीक ड्रिल हातानं फिरवतायत, आणि मी चहा सांगायला चाललोय.