पिक विकलं, पीक गेलं: फिनिक्स सन्सच्या फॅन्सची कैफियत

(पडद्यावर: काळ्या पार्श्वभूमीवर हवेत गरगरणारं नाणं)

19 मार्च 1969. न्यूयॉर्कमध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगचे, कमिशनर नाणं उडवतायत आणि फोनच्या दुसऱ्या टोकाला दोन शहरं कान लावून बसलीयत, एक मिलवॉकी, एक फिनिक्स. जो जिंकेल त्याला कॉलेज बास्केटबॉलमधला त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू मिळणार, ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढे जाऊन जो करीम अब्दुल जब्बार झाला तो. छापा की काटा हे सांगायचा मान फिनिक्सचा होता, आणि गंमत अशी की त्यांनी आधी पेपरमधून फॅन्सनाच विचारलेलं, काय म्हणू सांगा. पब्लिक म्हणालं छापा. पडला काटा.

मिलवॉकीनं 1971 ला टायटल नेलं. फिनिक्सच्या कपाटात आज पण एक नाहीये. 1976, 1993, 2021, तीनदा फायनलला गेले, तिन्ही वेळा हरले, आणि 2021 ला हरले ते कोणाशी, तर मिलवॉकीशीच, तेही सिरीजमध्ये 2-0 पुढे असताना.

पण हे झालं नशीब. नशिबाला दोन शिव्या घालून माणूस झोपून जातो. फिनिक्सच्या फॅनची झोप उडालीय ती माणसांनी शुद्धीत राहून केलेल्या सह्यांमुळे.

(पडद्यावर: ड्राफ्टचा स्टेज, रांगेत बसलेली उंच पोरं)

ज्यांना एनबीए फारसं माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. दर वर्षी नवीन पोरं निवडायचा कार्यक्रम असतो, तो ड्राफ्ट. जी टीम जास्त हरते तिचा नंबर साधारण आधी लागतो, मध्ये लॉटरीची भानगड असते ती सोडा. हा निवडायचा हक्क म्हणजे पिक. तो विकता येतो, ट्रेडमध्ये देता येतो, सात वर्षं पुढचा पण देता येतो. आपल्याकडे कोणी मराठी माणसानं हा शब्द पहिल्यांदा ऐकला तर त्याला पीक ऐकू येईल, आणि अर्थानं ते फार चुकीचं नाहीये, कारण पिक म्हणजे बियाणंच. घरात बियाणं आहे तोवर यंदा नाही तर पुढच्या वर्षी काहीतरी उगवेल ही आशा असते. आता फिनिक्सच्या दोन मालकांनी त्याचं काय केलं ते बघा, कारण एक होता चिक्कू आणि दुसरा उधळ्या, आणि मजा म्हणजे दोघांनी खाल्लं तेच.

पहिले रॉबर्ट सार्व्हर, 2004 ला टीम घेतली, 40 कोटी डॉलरच्या आसपास. टीम तेव्हा बघण्यासारखी होती राव, स्टीव्ह नॅश 2005 आणि 2006 लागोपाठ एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सगळ्यात भारी खेळाडू, शॉट क्लॉकची (बॉल मारायला मिळणारा वेळ) पहिली सात सेकंदं होतायत न होतायत तोवर बॉल बास्केटमध्ये. अशा टीमला काय लागतं, तर बेंचवर दोन-तीन स्वस्त आणि तरुण पोरं. ती ड्राफ्टमधूनच येतात. 2006 ला 21 व्या नंबरवर फिनिक्सच्या हातात रेजॉन रॉन्डो होता. तो दिला बॉस्टनला, बदल्यात पुढच्या वर्षीचा एक पिक. पुढच्या वर्षी त्या पिकवर आला रुडी फर्नांडेझ, तो पण दिला पोर्टलंडला, 30 लाख डॉलर रोख घेऊन. म्हणजे रॉन्डोचा झाला कागद, कागदाची झाली कॅश, आणि 2008 ला रॉन्डो बॉस्टनकडून टायटल उचलून मोकळा.

त्याच 2007 च्या उन्हाळ्यात कर्ट थॉमसला सिएटलला पाठवलं, वर दोन फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतले, म्हणजे जास्त मोलाचे) दिले, का तर त्याचा पगार आणि त्यावरचा लक्झरी टॅक्स, म्हणजे पगाराची रेष ओलांडल्याचा दंड, नको. घरातला फ्रिज कोणीतरी न्यावा म्हणून वर सोन्याची अंगठी द्यायची, हा तो हिशोब. त्या दोनातल्या एका पिकमधून सर्ज इबाका निघाला. नॅशची ती टीम फायनल न बघताच संपली.

मग 2010 नंतर दहा सीझन प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरी, नाही. दहा. त्या काळात पिकच पिक मिळाले, कारण हरतच होते ना, आणि त्यातून 13 व्या नंबरचा डेव्हिन बुकर निघाला हे मान्य, पण 2018 ला पहिला नंबर हातात असताना लुका डॉन्चिच सोडून डिआंड्रे एटन घेतला. चार वर्षांनी, मे 2022, फिनिक्स 64 मॅच जिंकून फ्रँचायझीचा रेकॉर्ड करून आलेलं, घरचं मैदान, प्लेऑफच्या सिरीजची शेवटची, सातवी मॅच, समोर लुकाचं डॅलस. हाफटाइमला लुकाचे एकट्याचे पॉइंट 27. फिनिक्सच्या सगळ्यांचे मिळून? 27.

(पडद्यावर: रिकामा होत चाललेला प्रेक्षकांचा स्टँड. निवेदन थोडं थांबतं)

पुढे सार्व्हरवर ऑफिसातल्या वागणुकीवरून चौकशी झाली, 2022 ला लीगनं एक वर्ष सस्पेंड केलं, 1 कोटी डॉलर दंड, आणि टीम विकायला निघाली. फॅन्सनी अक्षरशः सुटकेचा श्वास घेतला. नवीन मालक मॅट इश्बिया, होम लोनच्या धंद्यातला माणूस, कॉलेजला स्वतः खेळलेला. फेब्रुवारी 2023 ला टीम त्याच्या नावावर झाली आणि दोन दिवसांत, हो दोनच दिवसांत, ब्रुकलिनचा मोठा स्टार केविन ड्युरंट फिनिक्समध्ये. दिलं काय, तर मिकल ब्रिजेस, कॅम जॉन्सन, जे क्राउडर आणि चार फर्स्ट राउंड पिक, 2023, 25, 27, 29, कसलीही अट न घालता, वर 2028 ला पिकची अदलाबदल. ब्रिजेस म्हणजे एक पण मॅच न चुकवणारा गडी, फॅन्सचा लाडका. ड्युरंट 34 वर्षांचा.

त्या दिवशी मी पण नाचलो, खोटं कशाला बोलू. फिनिक्सची संध्याकाळी सातची मॅच आपल्याकडे थंडीत सकाळी साडेसातला असते, चहा घेऊन बसायचो, ऑफिसला उशीर झाला तरी चालायचं.

मग जूनमध्ये ब्रॅडली बील. पॉइंट गार्ड क्रिस पॉल गेला, उरलेसुरले सेकंड राउंड पिक गेले, आणि बीलच्या काँट्रॅक्टमध्ये नो-ट्रेड क्लॉज, म्हणजे तो हो म्हटल्याशिवाय त्याला कुठे पाठवता येणार नाही. बुकर, ड्युरंट, बील, तिघं स्कोअरर, तिघांना बॉल हवा, आणि बॉल वाटणारा एक धड पॉइंट गार्ड नाही! नुसते तीन नवरदेव, भटजी कोण? 2024 च्या पहिल्याच राउंडला मिनेसोटानं 4-0 धुतलं. पुढच्या सीझनला टॅक्स धरून खर्च 35 कोटी डॉलरच्या वर, रिझल्ट 36 जिंकल्या 46 हरल्या, प्लेऑफ पण नाही. तीन वर्षांत तीन कोच काढले. बुकर, ड्युरंट, बील या तिघांनी मिळून जिंकलेल्या प्लेऑफ मॅच: शून्य.

बरं, सुधारायचं म्हटलं तर सुधारता पण येत नव्हतं, कारण पगाराची वरची रेष, जिला सेकंड एप्रन म्हणतात, ती ओलांडली की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, असे बरेच हात बांधले जातात. मालक वाईट माणूस नाही हे पण फॅन्सना छळतं. त्यानं लोकल मॅच टीव्हीवर फुकट केल्या, स्टेडियममध्ये दोन डॉलरला हॉट डॉग दिला. त्याच्यावर धड रागावता पण येत नाही.

खरी तडफड वेगळीच आहे. बाकी कुठलीही टीम हरत असली की तिचा फॅन म्हणतो जाऊदे, चांगला पिक तरी मिळेल. फिनिक्सच्या फॅनला तेवढं पण नाही, कारण पिक ड्युरंटच्या बदल्यात ब्रुकलिनला गेलेले, आणि 2024 मध्ये ब्रुकलिननं त्यातले काही ह्यूस्टनला देऊन टाकले. आता हरायचं फिनिक्सनं आणि पेढे वाटायचे ह्यूस्टनमध्ये.

(पडद्यावर: नकाशा. फिनिक्स, ब्रुकलिन, ह्यूस्टन, परत फिनिक्स अशी रेघ)

2025 च्या उन्हाळ्यात सगळं मोडलं. बीलला पैसे देऊन सोडलं, आणि ते पैसे पाच सीझनवर पसरवले, दर सीझनला सुमारे 1.9 कोटी डॉलर, तो दुसऱ्या टीमकडून खेळणार आणि हप्ता फिनिक्स भरणार. होम लोनवाल्या मालकाला हे तरी ओळखीचं असेल म्हणा. ड्युरंट गेला ह्यूस्टनला. बदल्यात जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स, सेकंड राउंडचे पाच आणि एक फर्स्ट राउंड पिक, दहावा नंबर.

हा दहावा नंबर कुणाचा होता? फिनिक्सचाच. त्या 46 हरलेल्या मॅचमधून पिकलेला, आधी ब्रुकलिनला गेलेला, तिथून ह्यूस्टनला, आणि आता ड्युरंट देऊन परत विकत घेतलेला. त्यावर निवडला खमान मालुआच, सात फूट दोन इंच, वय 18. ट्रेडची कागदपत्रं अजून पूर्ण झाली नव्हती, त्यामुळे स्टेजवरून नाव पुकारलं गेलं ते सुद्धा ह्यूस्टनच्या नावानं.