आठ अंक मोजून होईपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

कुस्तीच्या आखाड्यात पैलवान चितपट झाला की निकाल लागतो. पडलेल्याला उठून पुन्हा झुंजण्याची मुभा नसते, त्यामुळे पाठ टेकली की नाही एवढेच तिथल्या पंचाला पाहावे लागते. मुष्टियुद्धात मात्र पडणे हा शेवट नसतो. पडलेल्याला दहा अंकांची मुदत मिळते, आणि त्या मुदतीत तो उभा राहिला, तर त्याला पुन्हा ठोसे खायला पाठवायचे की नाही, हे रिंगमधल्या एकाच माणसाला काही सेकंदांत ठरवावे लागते. त्याला मराठीत आपण पंच म्हणतो. पण हल्ली ठोशालाही पंचच म्हणतात, तेव्हा घोटाळा नको म्हणून आज मी त्याला रेफरी म्हणेन.

नियम थोडक्यात सांगतो. ठोसा बसून पायाच्या तळव्यांखेरीज अंगाचा कोणताही भाग जमिनीला लागला किंवा केवळ दोरांच्या आधाराने मुष्टियोद्धा उभा राहिला, तर तो पडला असे धरतात. प्रतिस्पर्ध्याला दूरच्या तटस्थ, म्हणजे दोघांपैकी कोणाचाच नसलेल्या कोपऱ्यात पाठवून रेफरी अंक मोजू लागतो. पडलेला माणूस दुसऱ्या अंकाला ताडकन उठला, तरी आठपर्यंत मोजावेच लागते. माझ्या मते या खेळातला हा सर्वांत शहाणपणाचा नियम आहे, कारण ते आठ अंक पडलेल्याच्या विश्रांतीसाठी जितके असतात, तितकेच रेफरीने त्याला नीट न्याहाळावे यासाठीही असतात. दहा अंकांच्या आत उठला, एवढ्यावरून तो उभा राहू शकतो इतकेच कळते. पुढचा ठोसा त्याला दिसेल का आणि तो चुकवता येईल का, हा प्रश्न निराळा आहे आणि त्याचे उत्तर रेफरीलाच शोधावे लागते.

या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला वाद १७ मार्च १९९० रोजी लास वेगासमध्ये उभा राहिला. मेक्सिकोचा हुलिओ सेझार चावेझ आणि अमेरिकेचा मेल्ड्रिक टेलर या दोन अपराजित विजेत्यांची ती बारा फेऱ्यांची लढत होती. टेलर १९८४ च्या ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता. त्याच्या हातांचा वेग असा, की चावेझचा एक ठोसा पोहोचेपर्यंत त्याचे तीन बसून जात. बारावी फेरी सुरू झाली तेव्हा तीनपैकी दोन गुणलेखकांच्या कागदावर तो इतका पुढे होता, की ती फेरी केवळ उभे राहून काढली असती तरी तो जिंकला असता. पण चावेझचे ठोसे संख्येने कमी असले, तरी वजनदार होते. टेलरचा चेहरा सुजला होता आणि तोंडातून रक्त येत होते. त्यातच त्याच्या प्रशिक्षकांनी ही फेरी जिंकलीच पाहिजे असे सांगून त्याला पुन्हा भिडायला पाठवले. शेवटच्या अर्ध्या मिनिटात चावेझचा उजवा ठोसा बसला आणि टेलर कोपऱ्यात कोसळला. दोर धरून तो उठला. रेफरी रिचर्ड स्टील यांनी आठ अंक पुरे केले, तू ठीक आहेस का असे त्याला दोनदा विचारले, आणि टेलरने उत्तर दिले नाही. रिंगच्या कडेला चढू पाहणारे त्याचे प्रशिक्षक लू डूव्हा यांच्याकडे त्याची नजर गेली होती. स्टील यांनी हात हलवून लढत थांबवली. घड्याळात दोन सेकंद उरले होते.

दोन सेकंदांत असे काय बिघडणार होते, असे तेव्हापासून आजतागायत विचारले जाते, आणि तो प्रश्न मूर्खपणाचा मुळीच नाही. फेरीची शेवटची दहा सेकंदे उरल्याची खूण करणारा तांबडा दिवा रिंगच्या खांबावर लागलेला होता, आणि स्टील यांनी तो पाहायला हवा होता असे टीकाकार म्हणतात. तरीही मला स्टील यांचेच बरोबर वाटते. स्वतःचे रक्षण करता येत नाही अशा माणसाला वेळ थोडाच उरला आहे म्हणून लढू द्यायचे ठरवले, तर तो मानकरी आहे म्हणून, गुणांत पुढे आहे म्हणून, प्रेक्षकांनी तिकिटाला मोठे पैसे मोजले आहेत म्हणून लढू द्यायचीही तयारी ठेवावी लागेल. घड्याळ वेळाधिकाऱ्याने पाहावे, गुण गुणलेखकांनी मोजावेत. रेफरीने माणूस पाहावा. टेलरला नंतर रुग्णालयात न्यावे लागले, त्याच्या चेहऱ्याचे हाड मोडले होते, हा दाखला स्टील यांच्या समर्थनार्थ नेहमी दिला जातो. मी तो देणार नाही, कारण ते हाड स्टील यांना दिसत नव्हते. उत्तर न देणारा आणि समोरच्याकडे न पाहणारा माणूस दिसत होता, आणि तेवढे पुरेसे होते.

मग रेफरी नेमके काय पाहतो? तोंडी उत्तराच्या मजकुराला फारशी किंमत नसते, कारण लढवय्या नेहमी 'ठीक आहे' असेच म्हणतो. ते उत्तर किती लवकर आले, शब्द स्पष्ट होते का, डोळे प्रश्न विचारणाऱ्यावर स्थिरावले का, हे तो पाहतो. ग्लोव्हज पुसण्याच्या निमित्ताने तो अगदी जवळ जातो, हात वर कर म्हणतो, माझ्याकडे चालत ये म्हणतो. पाय खोटे बोलत नाहीत. ३ नोव्हेंबर २००१ रोजी लास वेगासमध्येच कोस्त्या झ्यूने झॅब जूडाला दुसऱ्या फेरीत पाडले, तेव्हा जूडा जणू काही झालेच नाही अशा थाटात उसळून उठला आणि पुढच्याच क्षणी पाय लटपटून पुन्हा कोसळला. रेफरी जे नेडी यांनी लढत तिथेच थांबवली. संतापलेल्या जूडाने स्टूल भिरकावले आणि नेडींच्या गळ्याला हात घातला, ज्याची किंमत त्याला दंड आणि निलंबन या रूपांत मोजावी लागली. घाईघाईने उठणे हे ताजेपणाचे लक्षण मानू नये, हे त्या एका प्रसंगावरून शिकावे. शहाणा मुष्टियोद्धा गुडघा टेकून आठव्या अंकाची वाट पाहतो.

उलट बाजूचे उदाहरण १ डिसेंबर २०१८ चे, लॉस एंजेलिसमधले. बाराव्या फेरीत डीऑन्टे वाइल्डरच्या ठोशांनी टायसन फ्युरी उताणा पडला आणि निपचित राहिला. रेफरी जॅक रीस यांनी न मोजताच हात हलवले असते, तरी फारसे कोणी बोलले नसते. पण ते गुडघ्यावर बसून मोजत राहिले. फ्युरी नवव्या अंकाला उठला. रीस यांनी त्याला बाजूला चालत जाऊन परत यायला सांगितले. तो सरळ चालला आणि लढत पुढे सुरू झाली. फेरी संपेपर्यंत फ्युरीही ठोसे मारत होता आणि सामना बरोबरीत सुटला. फेरी दोन्हीकडे बारावीच, मग निर्णय उलटे का? टेलर बारा फेऱ्या झिजत आला होता. फ्युरी नवव्या फेरीत एकदा पडला असला, तरी एरवी बहुतेक ठोसे चुकवत आला होता. पडल्यानंतरचा निर्णय पडण्याआधीच निम्मा झालेला असतो, तो असा.

याचे वैद्यकीय कारण आहे. डोक्याला हिसका बसून ते गरकन फिरले, की मेंदूच्या पृष्ठभागापासून त्याच्या बाहेरच्या आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. त्यातली एखादी फाटली तर कवटीच्या आत रक्त साचून मेंदू दाबला जातो. रिंगमधले बहुतेक मृत्यू याच रक्तस्रावाने होतात. भोवळ आलेल्या माणसाच्या मानेचे स्नायू सैल पडलेले असतात, म्हणून पुढचा साधा ठोसाही त्याचे डोके अधिक फिरवतो. रक्तस्राव बाहेरून दिसत नाही आणि त्याची लक्षणे कधीकधी उशिरा उमटतात.

१३ नोव्हेंबर १९८२ रोजी रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत पडलेला दक्षिण कोरियाचा किम डुक-कू दोर धरून उठला, आणि रेफरी रिचर्ड ग्रीन यांनी लढत लगेच थांबवली. तो निर्णय अचूक होता आणि तरीही काही दिवसांत किम गेला. तेरा फेऱ्या तो मार खात होता, पण परत मारतही होता, म्हणून थांबवायला निमित्त सापडत नव्हते. त्यानंतर जागतिक मुष्टियुद्ध परिषदेने विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या.

हौशी मुष्टियुद्धात रेफरीला एक सोय आहे: माणूस पडलेला नसतानाही, उभ्याउभ्याच त्याच्यावर आठ अंक मोजता येतात. व्यावसायिक लढतींच्या आजच्या प्रचलित नियमांत ती मुभा नाही. तिथे एक तर चालू द्यायचे, नाहीतर थांबवायचे. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे १९ मार्च २०२१ रोजी पणजीत, कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर झालेली लढत. विजेंदर सिंगला व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला पराभव तिथे रशियाच्या आर्टिश लोपसानकडून पाचव्या फेरीत पत्करावा लागला. रेफरीने लढत थांबवून लागलेल्या अशा निकालाला टेक्निकल नॉकआउट म्हणतात. मुलांच्या स्पर्धांमध्ये तर शंका आली की थांबवावे, असेच मी म्हणेन. चुकून लवकर थांबवलेल्या मुलाला पुढच्या महिन्यात पुन्हा लढता येते.

रिचर्ड स्टील यांच्यापुरते सांगायचे, तर त्या रात्रीनंतर कित्येक वर्षे लास वेगासमध्ये त्यांचे नाव पुकारले जाताच प्रेक्षक हुर्यो उडवत. २०१४ साली मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. टेलर आणि चावेझ यांची पुन्हा गाठ १९९४ साली पडली. ती लढत आठव्या फेरीत थांबवली गेली, आणि तेव्हाही हरलेला टेलरच होता.

नमस्कार.