सेवेचे तास, पीडीयूचे तास

पीएमपी, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र, मिळवलेल्या बऱ्याच मंडळींना पीडीयूची, म्हणजे ते प्रमाणपत्र टिकवायला दर तीन वर्षांत दाखवाव्या लागणाऱ्या व्यावसायिक विकासाच्या तासांची, आठवण होते ती तिसरं वर्ष संपत आल्यावर. मग वेबिनार लावून ठेवायचा, आवाज बंद करायचा, शेजारच्या स्क्रीनवर मेल उरकायचे आणि तास भरायचे. आज मी वेगळ्या तासांबद्दल बोलणार आहे, स्वयंसेवेतून मिळणाऱ्या.

आधी हिशेब सांगून मोकळा होतो. हे प्रमाणपत्र देणाऱ्या पीएमआय या संस्थेच्या नियमाप्रमाणे पीएमपीला तीन वर्षांत ६० पीडीयू लागतात, आणि एक पीडीयू म्हणजे एक तास. त्यातले किमान ३५ शिक्षणाचे हवेत. 'गिव्हिंग बॅक'चे जास्तीत जास्त २५ धरले जातात. भाषण, लेखन, मार्गदर्शन, स्वयंसेवा हे सगळं त्यात येतं. रोजच्या नोकरीतलं काम दाखवलंत तर या २५ पैकी ८च मिळतात. सगळे ६० शिक्षणातून मिळवले तरी चालतं, उलटं मात्र चालत नाही. शंभर तास सेवा केलीत तरी २५ च्या पुढचे मोजणार नाहीत. काहींना हा अन्याय वाटतो. मला नाही वाटत. देणारा माणूस बहुधा त्याला आधीपासून येतं तेच देत राहतो.

आता खरा घोटाळा कुठे होतो ते बघा. रक्तदान शिबिरात तुम्ही दिवसभर खुर्च्या मांडल्या, रांग सांभाळली. काम चांगलंच आहे, पण त्याचा पीडीयू होत नाही. त्याच शिबिराचं वेळापत्रक तुम्ही आखलंत, खर्चाचा अंदाज बांधलात, रक्तपेढीची गाडी उशिरा आली तर काय करायचं हे आधी ठरवून ठेवलंत, तर होतो. काम विनामोबदला हवं, आपल्या मालकासाठी किंवा ग्राहकासाठी नको, आणि त्यात प्रकल्प व्यवस्थापनाचं ज्ञान वापरलेलं हवं. पीएमआयच्या चॅप्टरमध्येच, म्हणजे स्थानिक शाखेतच, काम केलं पाहिजे असंही नाही. इतर सेवाभावी संस्थाही चालतात.

आणि तिथे गेलात की तुमची खरी परीक्षा होते. ऑफिसात तुमच्या शब्दामागे पगार उभा असतो, अप्रेझल उभं असतं. स्वयंसेवक सरळ म्हणतो, "या आठवड्यात जमणार नाही हो," आणि विषय संपतो. त्याला तुम्ही काय करणार? म्हणून तिथे काम वाटून देण्याआधी प्रत्येकाला विचारावं लागतं, की तू किती तास देऊ शकशील. जो आकडा येईल तो मी निम्मा धरतो. कामं एका बैठकीत उरकतील इतकी छोटी करावी लागतात आणि प्रत्येक काम दोघांना माहीत असावं लागतं. त्याहून अवघड असते समिती. सगळे माना डोलावतात, निर्णय कोणीच घेत नाही. पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी विचारून घ्या: खर्चाला मंजुरी कोण देणार, आणि काम पूर्ण झालं असं कोण म्हणणार? हे प्रश्न नोकरीतही विचारायला हवेत, पण तिथे उत्तर न मिळताही गाडं पुढे रेटलं जातं.

नोंदी त्याच दिवशी करा. तारीख, काम, वेळ. पंधरा मिनिटांचेसुद्धा पाव पीडीयू होतात. संस्थेकडून तुमच्या भूमिकेचं आणि तासांचं पत्र काम संपतानाच घ्या. पदाधिकारी बदलले की नव्यांना तुमचं नावही माहीत नसतं. पीएमआयच्या ऑडिटसाठी, म्हणजे या नोंदींच्या तपासणीसाठी, निवड कोणाचीही होऊ शकते आणि तेव्हा हे कागदच दाखवायचे असतात.

मघाशी एकांनी विचारलं, कंपनीच्या सामाजिक उपक्रमात, ऑफिसच्या वेळेत केलेलं काम धरायचं का? पगार चालू असताना केलेल्या कामाला मी तरी विनामोबदला म्हणणार नाही. तो तास मी स्वयंसेवेत लिहीत नाही. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या संस्थेसाठी बसून आराखडा केलात, तर तो बिनधास्त लिहा.