नातं : मित्र

कोल्हापुरातल्या सराफांच्या गुजरीतली ही माडी. कॅमेऱ्यात चेहरा दाखवायचा नाही, ही काकांची अट. म्हणून हातच बघा. कोल्हापुरी साजाची पानं जोडणारे, सत्तरीला आलेले हात. खुंटीवरची टोपी अण्णांची. एकाच छताखाली दोघांची ३१ वर्षं गेली. गल्लीच्या लेखी ते धंद्यातले पार्टनर.

कॅन्सर पसरल्यावर अण्णांना ॲडमिट केलं. अर्जावर रकाना होता, 'रुग्णाशी नाते'. काकांनी लिहिलं, मित्र. "नुसते मित्र? मग घरचं कुणीतरी बोलवा." आत कॅमेरा न्यायला परवानगी मिळाली नाही, आमच्याकडे आहे तो बाहेरचा हा बाक. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा हक्क मात्र नाकारला. बाकावर बसणाऱ्याला दोन्ही तारखा पाठ आहेत.

आता कसबा बावडा, कोर्टाबाहेर नोटरीचं टेबल. हा शिक्का नीट बघा. कागद आहे 'लिव्हिंग विल'चा. बरं होण्याची आशा संपली तर व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं. २०१८ मध्ये याला मान्यता मिळाली, पण न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. कोण घालणार एवढे हेलपाटे? जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. एक प्रत महापालिकेकडे द्यायची. उपचार थांबवायला डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती लागते, ती लागतेच. पण आपल्या वतीनं कोण बोलणार, तिथं 'पालक किंवा जवळचा नातेवाईक' असं म्हटलंय. त्या 'किंवा'च्या अलीकडं, 'पालक' म्हणून, काकांना जागा मिळाली. अण्णांनी सही केली तेव्हा हात थरथरत होता. वकिलांनी पॅड धरलं.

कागद आयसीयूच्या दारात दाखवावा लागला. चालला.

२१ ऑगस्ट २०२४ ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं राज्यांना कळवलं, जवळचे नातेवाईक नसतील तर मृतदेह जोडीदाराला द्यावा. नसतील तर. अण्णांना पुतण्या होता.

पंचगंगा स्मशानभूमी. शेणींचा, म्हणजे गोवऱ्यांचा, हा ढीग लोकांनी दान केलेला. होळी लहान करायची, उरलेल्या शेणी इथं आणून द्यायच्या. दहनाला महापालिका पैसे घेत नाही. अग्नी पुतण्यानं दिला. रक्षाविसर्जनाला काका सगळ्यात मागं.

पुन्हा माडी. साजाशेजारचा हा मसुदा काकांच्या स्वतःच्या लिव्हिंग विलचा. साक्षीदार ठरलेत. 'पालक' या शब्दापुढची जागा कोरी आहे.