सव्वा महिन्याच्या आत

(दृश्य: सरकारी दवाखान्याची ओपीडी, केसपेपरची रांग)

आज महिन्याची ९ तारीख. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून या दिवशी गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. नाशिकमधल्या या ओपीडीतली बाकं सकाळीच भरलीत. वजन, बीपी, रक्त, लघवी.

(दृश्य: मांडीवरची पिशवी. चेहरा नाही)

हिचं सासर पेठ तालुक्यात, माहेर दिंडोरीकडे. सातवा सरत आलाय. हातातल्या माता-बाल संरक्षण कार्डावर हिमोग्लोबिनपासून धनुर्वाताच्या इंजेक्शनपर्यंत सगळं टिपलेलं आहे. पिशवीच्या तळाशी, रुमालात गुंडाळून, आणखी एक चिठ्ठी आहे. ती मानसोपचार तज्ज्ञांची. आजार बायपोलर, म्हणजे मन कधी अति उत्साहात तर कधी खोल उदासीत जाण्याचा, लग्नाआधीपासूनचा. नवऱ्याला ठाऊक आहे, सासूला नाही. इथं कुणी विचारलं नाही, तिनंही दाखवली नाही.

दिवस राहिले की घरचे आधी म्हणतात, "त्या गोळ्या बंद कर, बाळाला बाधतील." ही भीती अगदीच खोटी नाही. सोडियम व्हाल्प्रोएट हे या आजारावरचं एक औषध गरोदरपणात बाळाला घातक ठरतं. पण मनानंच सगळ्या गोळ्या एकदम सोडल्या, तर आजार उलटतो. मग खाणं जातं, झोप जाते आणि तपासणीच्या तारखाही चुकतात. कुठली गोळी बदलायची, कुठली चालू ठेवायची, हे प्रसूतीच्या आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं. लिथियम हे याच आजारावरचं दुसरं औषध चालू असेल तर त्याची रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा तपासावी लागते.

आणि नेमकी याच सुमारास बाई माहेरी जाते. ओटी भरली, डोहाळजेवण झालं, एसटीत बसवून दिलं. सासरची आशाताई मागं राहिली, मानसोपचाराचे डॉक्टर नाशकातच राहिले.

(दृश्य: बाळंतिणीची खोली, बाज, डिंकाच्या लाडवांचा डबा)

बायपोलर असलेल्या आईला सगळ्यात जपायचं ते बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. बाळंतपणानंतरचा सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, तसा हजारात एक-दोघींना होतो. हिच्यासारखीला त्याचा धोका कितीतरी जास्त. सुरुवात साधी दिसते. बाळ झोपलंय, पण आईच्या डोळ्याला डोळा नाही. बोलणं वाढतं. मग एखाद्या पहाटे ती म्हणते, हे बाळ माझं नाहीच. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी आहे, नजर लागली. शिवाय सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नाही, म्हणजे दवाखानाही लांबच.

तरी या खोलीत एक बाई येतच असते. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशाताईच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या असतात. सव्वा महिना संपेपर्यंत त्यातल्या पाच होऊन जातात. बाळाचं वजन होतं, नाळ बघितली जाते. त्यातच एवढंच विचारावं, "बाळ झोपल्यावर तुला झोप लागते का गं?" याला खर्च काही नाही.

दवाखान्यात ठेवलं तर बाळ तोडतील, या धास्तीनंही बायका गप्प राहतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, भरती झालेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही. आईच्या आजारामुळं बाळाला धोका असेल किंवा बाळाच्या हितासाठी, सुरक्षेसाठी गरज असेल, तरच अपवाद.

(दृश्य: कार्डाला टाचलेला कागद)

आठव्या महिन्यात एक साधा कागद करता येतो. बाळंतपणाच्या दिवसापासून कुठली गोळी, अंगावर पाजायचं की नाही, माहेरच्या आशाताईचा नंबर, रात्री बाळाला कोण घेणार. आईचं काढून ठेवलेलं दूध रात्री एकदा आजीनं वाटी-चमच्यानं पाजलं, तर बाळंतिणीला सलग चार-पाच तास झोप मिळते. खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर: १४४१६. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं.